नवा सर्व्हर आला, तरी सातबारा का रेंगाळतो?



पेरणी तोंडावर आली आहे. सोसायटीत पीककर्जाची फाईल द्यायची, त्यासाठी सातबारा आणि आठ-अ हवा. सकाळचे दूध डेअरीला घालून तुम्ही तलाठी कार्यालयाचा उंबरा गाठता. आत भाऊसाहेब संगणकाच्या पडद्याकडे टक लावून बसलेले. पडद्यावर एक चक्र गरगर फिरते आहे.

"काय भाऊसाहेब, निघतोय का उतारा?"

"सर्व्हर स्लो आहे, नाना. दुपारून या."

"अहो, पण मागच्याच महिन्यात नवा सर्व्हर बसवला म्हणत होता ना?"

"बसवलाय की. तेव्हापासूनच तर स्लो झालाय!"

असा संवाद तुमच्या गावात झाला नसेल, तर शेजारच्या गावात झाला असेल. तलाठी कार्यालयात नाही, तर सोसायटीत, दूध संस्थेत किंवा पतसंस्थेत झाला असेल. ऐकणाऱ्याला वाटते, भाऊसाहेब वेळ मारून नेत आहेत. नवा बैल आणला आणि नांगरट हळू झाली, हे कसे पटावे? पण मंडळी, या उत्तरात तथ्य असू शकते. सर्व्हर बदलल्यावर काम मंदावणे हा संगणकाच्या जगात चांगला ओळखीचा आजार आहे. त्याचे कारण समजण्यासारखे आहे आणि औषधही बहुतेक वेळा स्वस्त आहे. आज तेच समजून घेऊ.

दप्तर पुण्याचे, नोंद तुमची

आपल्या राज्यातील जमिनीच्या दप्तराचा कारभार पुण्यातून चालतो. जमाबंदी आयुक्त आणि संचालक, भूमी अभिलेख यांचे मुख्य कार्यालय पुणे शहरात आहे. ई-फेरफारचे सॉफ्टवेअरही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, पुण्यातील मंडळींनी तयार केले. या कामाचा आरंभ मात्र विदर्भात झाला. १९८८-८९ मध्ये केंद्र सरकारने जमिनीच्या नोंदी संगणकावर आणण्यासाठी देशातील आठ जिल्हे प्रयोगासाठी निवडले, त्यात आपला वर्धा जिल्हा होता. २००८ मध्ये राष्ट्रीय पातळीवर भूमी अभिलेख आधुनिकीकरणाचा कार्यक्रम सुरू झाला. २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झाले, ते तुम्हाला आठवत असेल. संगणकावरचा सातबारा लोकांपुढे वाचून चुका काढल्या गेल्या. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर आली आणि पिकाची नोंद शेतकऱ्याच्या मोबाईलवरून होऊ लागली. तलाठ्यांचे पदनामही २०२४ मध्ये बदलून 'ग्राम महसूल अधिकारी' झाले. आपल्या तोंडी अजून तलाठीच आहे, म्हणून येथेही तोच शब्द वापरतो.

पूर्वी सातबारा तलाठ्याच्या दप्तरात असे. दप्तर बांधलेले असले तरी ते गावात असे. आता राज्यातील सुमारे अडीच कोटी सातबारे संगणकावर आहेत. तुमचा गट शिरूरचा असो की इंदापूरचा, त्याची नोंद दूरच्या सर्व्हरवरून येते. तो सर्व्हर अडला की खरेदीखताची फेरफार नोंद अडते, वारस नोंद अडते, बँकेचा बोजा चढत नाही की उतरत नाही. मुदतीच्या कामात तर एकेक तास मोलाचा. २०२३ च्या खरिपात १ रुपयात पीकविमा प्रथमच आला. ती योजना २०२५ मध्ये बंद झाली, पण त्या पहिल्या वर्षी अर्जांची अशी झुंबड उडाली की ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. म्हणून सर्व्हर हळू का चालतो, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरांपुरता नाही. तो बांधावरचाही आहे.

आठ-अ हीच अनुक्रमणिका

संगणकात जिथे नोंदी साठवतात त्याला डेटाबेस म्हणतात. साध्या भाषेत, नोंदींचे कोठार. त्या कोठाराला आपण जे विचारतो, ती क्वेरी. "अमुक गावातील गट नंबर २१४ चा सातबारा दाखव" ही एक क्वेरी झाली. "अमुक नावाच्या खातेदाराचे सगळे गट दाखव" ही दुसरी.

आता विचार करा. तलाठ्याकडे सातबाऱ्यांचा गठ्ठा गट नंबराच्या क्रमाने लावलेला आहे. २१४ काढायला क्षणभर पुरे. पण एखाद्या खातेदाराचे सगळे गट शोधायचे तर? संपूर्ण गठ्ठा पानोपान चाळावा लागेल. तेवढ्यासाठीच आपल्या बापजाद्यांच्या वेळेपासून गाव नमुना आठ-अ आहे. खातेदार उघडा, त्याच्यासमोर त्याचे सगळे गट.

डेटाबेसमध्ये हेच काम इंडेक्स करतो. इंडेक्स म्हणजे अनुक्रमणिका, म्हणजेच संगणकातला आठ-अ. त्याची करामत आकड्यांत पाहा. अनुक्रमणिकेच्या एका पानावर पुढच्या ३०० पानांचा पत्ता मावतो असे धरा. त्या ३०० पानांवर प्रत्येकी ३००, आणि त्यांच्याही पुढे प्रत्येकी ३००. तीनदा ३०० चा गुणाकार केला की २ कोटी ७० लाख होतात. म्हणजे राज्यातील सगळे सातबारे एकाच कपाटात ठेवले, तरी हवा तो तीन-चार पाने उलटून सापडतो. हेच काम अनुक्रमणिकेविना करायचे झाले आणि संगणक सेकंदाला १ लाख नोंदी चाळतो असे धरले, तर अडीच कोटींना २५० सेकंद लागतील. चार मिनिटांच्या वर! आणि त्याच वेळी शंभर कार्यालयांतून शंभर जण असेच काही विचारत असतील, तर रांग कुठे जाईल याचा तुम्हीच हिशेब करा.

कोतवाल पाठवायचा की दवंडी पिटायची?

"मग प्रत्येक वेळी अनुक्रमणिकाच वापरावी की," असे तुम्ही म्हणाल. पण तसे नसते. गावातल्या पाच जणांना नोटीस द्यायची असेल, तर कोतवाल घरोघर जाऊन देतो. पाचशे जणांना निरोप द्यायचा असेल, तर कोतवालाला दारोदार पिटाळणे हा वेडेपणा. तिथे दवंडी पिटून सगळ्यांना चावडीवर बोलवावे. दोन्ही रीती बरोबरच आहेत. कोणती वापरायची, हे माणसे किती यावर ठरते.

डेटाबेसच्या आत एक भाग नेमके हेच ठरवतो. त्याला प्लॅनर म्हणतात, आपण आखणी करणारा म्हणू. क्वेरी आली की तो क्षणभरात आडाखा बांधतो. किती नोंदी निघतील? थोड्या असतील तर अनुक्रमणिकेवरून एकेक उचलू, पुष्कळ असतील तर गठ्ठाच एकदा चाळू. खर्चाचा अंदाज घेऊन मार्ग निवडण्याची ही पद्धत १९७९ मध्ये आयबीएम कंपनीतील संशोधक पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. आजही बहुतेक मोठे डेटाबेस याच वाटेने जातात.

पण अंदाज बांधायला माहिती लागते. डेटाबेस सगळ्या नोंदी मोजत बसत नाही, तो नमुना घेतो. आपल्याकडे पीक कापणी प्रयोगात काय करतात? निवडलेल्या शेतातला ठराविक तुकडा कापतात, धान्य वजन करतात आणि त्यावरून उत्पन्नाचा अंदाज काढतात. तसेच इथे. पोस्टग्रेस नावाचा एक डेटाबेस जगभर वापरला जातो. तो मुळातल्या मांडणीप्रमाणे एका तक्त्यातून ३०,००० नोंदींचा नमुना घेतो. कोणते आडनाव किती वेळा येते, कोणत्या गावाच्या नोंदी किती, याची टाचणे तो करून ठेवतो. या टाचणांना आकडेवारी म्हणतात, आणि प्लॅनरची सगळी भिस्त त्यांच्यावर असते.

बदलून आलेल्या तलाठ्याची गोष्ट

आता मुद्द्यावर येतो. गावचा जुना तलाठी बारा वर्षे एकाच सज्जावर होता. या आडनावाची दोनशे खाती आहेत, त्या आडनावाचे एकच घर आहे, कोणत्या गटाला पंधरा हिस्से आहेत, हे त्याला तोंडपाठ. एके दिवशी त्याची बदली होते. नवा तलाठी चार्ज घेतो. एक ते एकवीस नमुने मोजून ताब्यात मिळतात, एकही कागद कमी नाही. पण जुन्या तलाठ्याच्या डोक्यात होते ते चार्ज यादीत कुठे असते? नवा माणूस हुशार आहे, तरुण आहे, हात भराभर चालतो. तरी पहिले काही दिवस तो चुकीचाच गठ्ठा आधी सोडणार.

सर्व्हर बदलताना पुष्कळदा हेच होते. नोंदी सगळ्या येतात, टाचणे मागे राहतात. पोस्टग्रेसचेच उदाहरण घ्या. त्याची मोठी आवृत्ती साधारण दरवर्षी निघते आणि एका आवृत्तीला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात, म्हणून केव्हातरी ती बदलावीच लागते. बदलण्याचे जे ठरलेले साधन आहे, ते नोंदी नव्या आवृत्तीत नेत असे, पण ही आकडेवारी नेत नसे. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या १८ व्या आवृत्तीपासून ती बरीचशी सोबत येऊ लागली. तिच्या आधीच्या आवृत्तीवर जाताना मोजणी नव्याने करण्याचा हुकूम द्यावा लागतो. त्याला 'ॲनालाइझ' म्हणतात. तो द्यायचा राहिला, तर प्लॅनर आंधळा होऊन बसतो. जिथे चाळीस हजार नोंदी निघणार, तिथे त्याला पाचच निघतील असे वाटते. मग तो कोतवालाला चाळीस हजार घरांत पाठवतो, एकेका घरी, एकेक खेप. यंत्र नवे, प्रोसेसर वेगवान, आणि उतारा तीन मिनिटांनी!

अंदाज चुकला की कारभार चुकतो, हे पुणे जिल्ह्याने फार पूर्वी पाहिले आहे. पेशवाई गेल्यावर १८२७ नंतरच्या काही वर्षांत इंग्रज अधिकारी प्रिंगल याने या भागात जमिनीची मोजणी करून सारा ठरवला. कागद पुष्कळ झाले, पण जमिनीच्या उत्पन्नाचे आडाखे चुकले. सारा जड झाला, शेतकऱ्याने जमिनी टाकल्या. अखेर १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून नव्याने, सोप्या रीतीने पाहणी सुरू केली. पुढे मुंबई इलाख्यातील जमीन महसुलाची पद्धत त्याच कामातून उभी राहिली. कागद भरपूर असणे वेगळे आणि अंदाज बरोबर असणे वेगळे, एवढेच यातून घ्यायचे.

दुखणे आणखी कुठे असते?

प्रत्येक वेळी आकडेवारीचाच दोष असतो असे नाही. आणखी चार जागा तपासाव्या लागतात.

पहिली, आडाखा बांधण्याची रीतच बदललेली असते. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरच्या २०१४ च्या आवृत्तीत अंदाज बांधणारा भाग नव्याने लिहिला गेला. १९९८ नंतर इतका मोठा बदल तोवर झाला नव्हता. पुष्कळ क्वेरी त्यामुळे वेगवान झाल्या, पण काही जुन्या क्वेरी उलट मंदावल्या. म्हणून नव्या आवृत्तीतही जुन्या रीतीने चालण्याची सोय कंपनीने ठेवली. मायएसक्यूएलच्या २०१८ मधील ८.० या आवृत्तीतून क्वेरीची उत्तरे साठवून ठेवणारा भाग काढून टाकला. ज्यांचे काम त्या साठवणीवर भागत होते, त्यांना फरक जाणवला.

दुसरी, जुन्या यंत्रावरच्या मांडण्या. जुन्या सर्व्हरवर कुणीतरी वर्षानुवर्षे बारीकसारीक आकडे बसवलेले असतात. नव्यावर ते कोरेच राहतात. पोस्टग्रेस स्वतःच्या वापराला मुळात फक्त १२८ एमबी मेमरी धरतो. ६४ जीबीचे यंत्र घेतले तर हा पाचशे बारावा हिस्सा झाला! मोठ्या यंत्रावर आरंभाला पावपट, म्हणजे १६ जीबी द्यावी, असे त्याच्याच माहितीपुस्तिकेत सांगितले आहे. मोठी विहीर खणली आणि मोट मात्र तांब्याएवढी लावली, असा प्रकार.

तिसरी, थंड यंत्र. सर्व्हर वारंवार लागणाऱ्या नोंदी मेमरीत हाताशी ठेवतो. नव्या यंत्राची मेमरी पहिल्या दिवशी रिकामी असते, प्रत्येक गोष्ट डिस्कवरून आणावी लागते. एक-दोन दिवसांत हे आपोआप सुधारते. मात्र "स्लो आहे, बंद करून चालू करा" हा उपाय रोज केला, तर मेमरी रोज रिकामी होते आणि दुखणे लांबते.

चौथी जागा नाजूक आहे, कारण तिथे वेळेबरोबर उत्तरही चुकू शकते. नावांची अनुक्रमणिका अक्षरांच्या क्रमाने लावलेली असते. हा क्रम कोणता, ते अनेकदा संगणकाची मूळ यंत्रणा ठरवते. लिनक्स यंत्रणेचा एक पायाभूत भाग आहे, जीलिबसी. त्याच्या ऑगस्ट २०१८ च्या २.२८ या आवृत्तीत अक्षरक्रमाचे नियम बदलले. अनुक्रमणिका जुन्या क्रमाची आणि शोधणारा नव्या क्रमाने पाहणारा, असे झाले की समोर असलेले नाव "सापडत नाही" असे उत्तर येऊ शकते. अशा वेळी मजकुराच्या अनुक्रमणिका नव्याने बांधाव्याच लागतात. जमिनीच्या दप्तरात "नाव नाही" या उत्तराचा अर्थ काय होतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

तपास कसा करतात?

जाणता माणूस सर्व्हरपाशी गेला की पहिला प्रश्न विचारतो, सगळेच हळू आहे की एखादेच काम? सगळेच हळू असेल तर तो मेमरी, डिस्क, नेटवर्क आणि मांडण्या पाहतो. एखादेच काम हळू असेल तर ती क्वेरी शोधतो. ठराविक वेळेपेक्षा जास्त वेळ घेणाऱ्या क्वेरींची नोंद ठेवण्याची सोय आजच्या डेटाबेसांत असते. फक्त ती चालू केलेली हवी.

मग तो डेटाबेसलाच विचारतो, "बाबा रे, हे काम तू कोणत्या वाटेने केलेस?" पोस्टग्रेसमध्ये या हुकमाला 'एक्स्प्लेन ॲनालाइझ' म्हणतात. उत्तरात वाटेच्या प्रत्येक टप्प्यावर दोन आकडे शेजारी-शेजारी येतात. किती नोंदी निघतील असे वाटले होते, आणि प्रत्यक्ष किती निघाल्या. अंदाज ५ आणि प्रत्यक्ष ४०,००० दिसले की रोग सापडला. मोजणीचा हुकूम द्यायचा, पुन्हा क्वेरी चालवायची, पुन्हा आकडे पाहायचे. एका वेळी एकच बदल करायचा, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही. पिकावर एकाच दिवशी तीन औषधे मारली आणि कीड गेली, तर कोणत्या औषधाने गेली हे जसे सांगता येत नाही, तसेच हे.

एवढे करूनही भागले नाही, तरच अनुक्रमणिका वाढवणे, क्वेरी नव्याने लिहिणे किंवा जुन्या आवृत्तीवर परत जाणे, या गोष्टी येतात. "आणखी मोठा सर्व्हर घ्या" हा सल्ला सगळ्यात शेवटी यावा. पुष्कळदा तो सगळ्यात आधी येतो, कारण त्यात खरेदी असते!

गावाने काय करावे?

"हे सगळे पुण्यातल्या साहेबांचे काम, आमचा काय संबंध?" असे म्हणून वाचणे सोडू नका. दुरुस्ती करणाऱ्याला सर्वात जास्त गरज असते ती नेमक्या तक्रारीची, आणि ती गावातूनच जाऊ शकते. "सर्व्हर स्लो आहे" ही तक्रार म्हणजे डॉक्टरला "बरं वाटत नाही" म्हणण्यासारखी. कुठे दुखते, केव्हापासून, कशाने वाढते, हे सांगितल्याशिवाय औषध कसे मिळणार?

म्हणून तलाठी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सेतू केंद्र चालवणाऱ्या मंडळींनी एक साधी वही घालावी. तारीख, वेळ, कोणते काम, गट नंबर किंवा खाते, आणि उत्तराला किती मिनिटे लागली. पाच रकाने पुरेत. वहीवरून पुष्कळ काही कळते.

इतर संकेतस्थळेही त्याच वेळी अडत असतील, तर दोष आपल्या नेटचा. तालुक्याला तक्रार करून उपयोग नाही. सकाळी सातला झटपट आणि अकराला ठप्प, असे असेल तर गर्दी हे कारण. कामाच्या वेळा वाटून घ्याव्यात आणि वरही तसेच कळवावे. दिवसभर, कुठल्याही वेळी, एकाच प्रकारचे काम रखडत असेल आणि बाकीची कामे सुरळीत असतील, तर वरच्या प्लॅनरची किंवा अनुक्रमणिकेची भानगड असण्याचा संभव मोठा.

ही परीक्षा तुम्हालाही घरी करता येते. महाभूलेखवर उतारा गट नंबरावरून शोधता येतो आणि नावावरूनही. एकाच गावातला एकच उतारा आधी गट नंबरावरून काढा, मग आडनावावरून. घड्याळ लावून पाहा. आडनावावरून शोधताना नावे जास्त निघतात, तेव्हा थोडा जास्त वेळ लागणे रास्त आहे. पण गट नंबराला दोन सेकंद आणि आडनावाला तीन मिनिटे, हे रास्त नाही. हा फरक लिहून तहसील कार्यालयाला दिला, तर ती तक्रार पुण्यापर्यंत अर्थासकट पोचते. आणि माहीत असलेले नाव "नाही" असे दिसले, तर पडद्याचा फोटो काढून ठेवा. जमिनीवरचा तुमचा हक्क अशाने जात नाही, पण पुरावा हाताशी असावा.

सोसायटी आणि दूध संस्थांना दोन शब्द

सोसायट्यांच्या संचालकांनी आणि सचिवांनी तर हे जास्तच लक्षात घ्यावे. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्था संगणकावर आणण्यासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. म्हणजे आपली विविध कार्यकारी सोसायटीही या चक्रात आली. आज ना उद्या यंत्र बदलेल, आवृत्ती बदलेल. दूध संस्था आणि पतसंस्थांचेही तेच. तेव्हा काम करून देणाऱ्याला पैसे देण्याआधी चार प्रश्न विचारा.

एक, बदलाआधी आमच्या नेहमीच्या दहा कामांना लागणारा वेळ तुम्ही लिहून घेतला आहे का? जुना आकडा नसेल तर नवे हळू की जलद, हा वादच मिटत नाही. दोन, नोंदी हलवल्यावर आकडेवारीची मोजणी कोण करणार आणि कधी? तीन, जुन्या यंत्रावरच्या मांडण्यांची यादी कुठे आहे? चार, बिघडले तर जुन्यावर परत जायची सोय किती दिवस ठेवणार?

आणि एक गोष्ट आपल्या हातातली. ३१ मार्चचा हिशेब, जुलैतील विम्याची धांदल, दिवाळीचा दूध फरक, या दिवसांत सर्व्हर बदलायला हात लावू देऊ नका. भर पेरणीत कुणी पाभर दुरुस्तीला टाकते का?

मंडळी, नव्या सर्व्हरला नावे ठेवण्यात अर्थ नाही आणि भाऊसाहेबांवर चिडण्यातही नाही. दप्तर पोचले, त्या दप्तराची ओळख पोचायची राहिली, एवढीच पुष्कळदा गोष्ट असते. ती ओळख करून देण्याचे काम काही मिनिटांचे किंवा तासांचे आहे, पण ते करा असे कुणीतरी नेमके सांगायला हवे. तेव्हा यापुढे "सर्व्हर स्लो आहे, दुपारून या" असे ऐकलेत, तर हात हलवत परत फिरू नका. भाऊसाहेबांना म्हणा, "येतो दुपारून. पण वेळ आणि गट नंबर तेवढा वहीत टिपून ठेवा." महिनाभराची अशी वही तहसीलदारांच्या टेबलावर गेली, तर उत्तर देणाऱ्यालाही उत्तर शोधावेच लागेल.